मिल्ट्रीची पांदण

गॅस-कटरवाला सकाळी आठ वाजताच आमच्या वावरात आला. दोन सिलिंडर, गुंडाळलेली नळी आणि डोळ्याला काळा चष्मा. त्याला बोलावलं कोणी? आम्ही नाही. बोलावलं होतं शेजारच्या वावरवाल्या भगवंतमामानं, आणि कापायची होती आमची मिल्ट्री. म्हणजे बघा, लग्न कोणाचं आणि पत्रिका कोणी वाटल्या!

मिल्ट्री म्हणजे ट्रक. माझे सासरे पुंजाराम यांनी शहाण्णव साली पुलगावच्या लिलावात घेतलेला, फौजेनं वापरून टाकून दिलेला. चारही चाकांना ताकद, बॉनेट बैलाच्या खांद्याएवढं उंच. गावात तिला ट्रक कोणी म्हणत नाही. माझी वरात बार्शीटाकळीहून मोर्शीकडे आली तीही तिच्यातच. अख्खा रस्ताभर हादरे खाल्ले, शालूचा बोळा झाला आणि कंबर महिनाभर दुखली. तेव्हा मला तिचा भारी राग होता, खोटं कशाला बोलू?

माझी सासू मैनाबाई झाडाखाली गळलेली संत्री वेचत होती. सिलिंडर दिसल्याबरोबर तिनं टोपली तिथंच ठेवली, बंपरवर पाय देऊन वर चढली आणि बॉनेटवर बसली. साठीची बाई, पण बसली अशी की जणू माहेरच्या ओट्यावर बसली आहे.

"काप," ती म्हणाली. "पयले मले काप, मंग हिले."

"बाई, मले मामानं सांगतलं..."

"मामा कोनाचा? तुहा का हिचा?"

तो बिचारा पोटासाठी आलेला माणूस. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, आमच्याकडे पाहिलं आणि नळी परत गुंडाळायला लागला. माझा नवरा विपुल मात्र चिंचेला टेकून उभा होता. त्याला आतून हे सगळं पसंत होतं, मला माहीत होतं.

"आई, उभी राहून गंजूनच चालली ना थे," तो म्हणाला. "मामा भाव चांगला देऊन राहिला. तुकडे करून आपल्या छोट्या टेम्पोत नेतो म्हनते."

"तुहा बापही उभा राहून गंजून राहिला. त्याचेही तुकडे करतं का?"

बाबा, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. ते फक्त एवढंच म्हणाले, "विपुल, त्या मानसाले संत्री दे दोन-चार. एवढ्या दुरून आला."

आता पांदण सांगते, नाहीतर भांडण कळायचं नाही. आमची बाग शिवाराच्या आतल्या टोकाला. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत चार फर्लांग पांदण. बागेतून निघालं की डावीकडे भगवंतमामाची बाग, उजवीकडे नाल्याचा उंच काठ, आणि मधून वाट. या वाटेनं बैलगाड्या चालायच्या, मिल्ट्री चालायची. काळ्या जमिनीत अवकाळीचा चिखल झाला की ट्रॅक्टर बसायचे मांडी घालून, आणि मिल्ट्री अर्ध्या शिवाराचा माल बाहेर काढायची. खुद्द भगवंतमामाची संत्री तिनं कितीदा काढली.

सात वर्षांपूर्वी तिची क्लचप्लेट गेली. त्याच साली बाबांचे डोळे गेले. गाडी चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. पुढच्याच पावसाळ्यात भगवंतमामानं आपल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाहेर, सरळ पांदणीत, संत्र्याची अकरा झाडं लावली.

आणि आम्ही काय केलं? आमच्यासारखं शहाणं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. त्यापुढच्या उन्हाळ्यात मामाची विहीर आटली, तर माझ्या सासूनं आमच्या विहिरीचा पाइप टाकून ती अकराच्या अकरा झाडं जगवली! भगवंतमामा तिचा मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळते. मी म्हटलं, "आई, आपलीच वाट बुजून राहिली." तर म्हणाली, "झाड मरताना कसं पाहू वं? बोलीन मी त्याच्याशी." ती बोलली कधी नाही. झाडं वाढली, फळाला आली, आणि वाट उरली सहा फूट. मिल्ट्री आठ फुटांची.

या साली मृगाचा बहर असा आला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. फेब्रुवारी संपता संपता बाग पिवळीधम्म. व्यापारी आला, बाग पाहून खूष झाला, पांदण पाहून तोंड वाकडं केलं. "माल रोडवर आनून द्या. माही गाडी आत येत नाही." ट्रॅक्टरची ट्रॉली मावत नाही, छोट्या टेम्पोनं काढावा तर भगवंतमामाशिवाय तो कोणाकडे नाही, आणि तो म्हणाला, टेम्पो देतो, पण आधी ती मिल्ट्री कापून टाका. आम्ही संत्र्यांची कॅरेटं डोक्यावर घेतली. मी, आई आणि गावातल्या चार बाया. चार फर्लांग जाणं, चार फर्लांग येणं. पहिल्या दिवशी मान आखडली, दुसऱ्या दिवशी टाळूवरचे केस निघाले. तिसऱ्या दिवशी बाया आल्या नाहीत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. इकडे झाडाखाली गळ वाढत होती. सकाळी वेचून साफ केलं की दुपारी परत सडा.

म्हणून मी मोर्शीला तहसीलीत अर्ज दिला. विपुलला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नात्यात कटुता येईन. कटुता आधीच आली होती, फक्त आम्ही तिला चहा पाजत होतो.

तहसीलीतले सर्कलसाहेब मोटरसायकलवर आले. पांदणीत उभे राहून त्यांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"नकाशात तर रस्ता दिसत नाही, बाई."

"साहेब, ही पाऊलवाट हाये," भगवंतमामा लगेच म्हणाला. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, आवाज मधात बुडवलेला. "मानूस जाते, बकरी जाते. गाडी इथून कधी गेलीच नाही."

"मंग आमची मिल्ट्री आत कुठून आली, मामा?" मी विचारलं. "आभायातून पडली का?"

साहेबाला हसू आलं. मामाच्या तोंडावरची माशी हलली नाही. "थे माह्या बापानं उन्हाळ्यात आपल्या वावरातून घालू देल्ली होती. रिकामं वावर होतं. उपकार म्हनून."

"खोटं बोलतं तू, भगवंता," बाबा म्हणाले. त्यांचा हात विपुलच्या खांद्यावर होता आणि नजर भलतीकडेच. "तुह्या बापानं ऊस लावला होता त्या साली."

"बाबा, बंद गाडीची साक्ष मी कशी लिहू?" साहेबांनी नकाशाची घडी घातली. "मी मंगळवारी पंचनाम्याले येतो. गाडी चालत असन अन् या वाटेनं निघत असन, तर काढून दाखवा. मी डोळ्यानं पाहीन, लिहीन. नाही निघाली तर पाऊलवाट लिहून मोकळा."

"अन् माह्यं एक झाड जरी मोडलं," मामानं बोट वर केलं, "तर मी केस टाकतो. हेही लिहून घ्या साहेब."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला आमच्या भंगाराची दया आली नव्हती. मिल्ट्री अख्खी आत उभी होती तोवर ती वाट होती. ती तुकड्यांनी बाहेर गेली की वाटही गेली. किती गोड बोलून आमच्याच हातानं आमचा गळा कापायला निघाला होता हा माणूस! मला असा संताप आला की साहेब गेल्यावर मी विहिरीवर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

घरी विपुलही पेटला होता, पण उलट्या बाजूनं. "कुऱ्हाड घेतो अन् साफ करतो अकराही. होऊ दे केस."

"हात तर लाव," आई म्हणाली. "लेकरावानी पानी पाजलं मी त्यायले."

"मंग गाडी काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"चालू तर करा आधी," बाबा म्हणाले. "मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी मी सात वर्षांपूर्वी काढून ठेवलेली जुनी क्लचप्लेट पोत्यात घातली आणि अकोल्याची एसटी धरली. विपुलनं गिअरबॉक्स खोलायला घेतला होता, त्याला हलता येत नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे लोखंड सीटवर नाही चालनार." मी मांडीवर घेतलं. अकोल्यापर्यंत त्या प्लेटीनं माझ्या मांड्या सोलून काढल्या, आणि साडीवर काळ्या ग्रीसचा गोल छापा उमटला. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेले. जुन्या पार्टच्या दुकानांची तिथली गल्ली बाबांनी तोंडी सांगितली होती. मशिदीनंतर डावीकडे, मग चक्कीच्या वासावर.

पहिला दुकानदार म्हणाला, माल नाही. दुसरा हसला. "घरचा मानूस पाठवा ना बाई. बायामानसाले यातलं काय समजते?"

मी पोतं त्याच्या काचेच्या काउंटरवर आपटलं. काच वाचली, त्याचं नशीब. "मोजा," मी म्हटलं. "दाते मोजा मधले. मी मोजून आली. तुमचे किती भरतात पाहू."

त्यानं मोजले नाहीत. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे मियाँ होते. त्यांनी प्लेट हातात घेतली, अंगठ्यानं मधले दाते चाचपले, आणि काही न बोलता माळ्यावर चढले. अर्ध्या तासानं खाली आले ते तेलकट कागदात गुंडाळलेली, न वापरलेली प्लेट घेऊन.

"ये गाडी अभी किसके पास जिंदा है?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे हाये," मी म्हटलं. आणि सांगते, इतकी वर्षं मी 'यांची मिल्ट्री' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा 'आमच्याकडे' म्हटलं आणि छाती फुगली.

पुढचे चार दिवस घराचं घरपण गेलं. चिंचेच्या जाड फांदीला चेनपुली बांधून गिअरबॉक्स खाली घेतला. विपुल उताणा खाली, तोंडावर गंजाची भुकटी पडतेय, पाठीला लाल मुंग्या. मी नटांचे पाने देत होते. सात वर्षांचे नट, एकही सुटायला तयार नाही. डिझेल ओतायचं, थांबायचं, हातोडीनं टकटक करायचं, परत पाना लावायचा. संत्री सोलली तरी डिझेलचा वास, भाकरी खाल्ली तरी डिझेलची चव. आई दिवसभर एकटीच बागेत तोड करत राहिली. भरलेली कॅरेटं झाडाखाली रचत गेली. कोणत्या गाडीत जाणार, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

धुऱ्यावरून गावची माणसं येऊन पाहून जायची. "मुडद्याले पावडर लावून राहिले का, बे?" एक जण म्हणाला. भगवंतमामाच्या बागेतून हसण्याचा आवाज आला.

नवी प्लेट मध्यावर बसवायची वेळ आली तेव्हा विपुल अडला. केसभर इकडेतिकडे झाली तरी गिअरबॉक्स बसत नाही. दोनदा चढवला, दोनदा उतरवला. तिसऱ्यांदा चेन सरकली आणि गिअरबॉक्स हातभर खाली आला. विपुलच्या डाव्या हाताची दोन बोटं चेपली. तो ओरडला तसा माझा जीवच गेला. मोर्शीला नेऊन टाके घातले. परतताना तो म्हणाला, "रागिणी, आता राहू दे."

बाबांनी ते ऐकलं. खाटेवरून उठले, धोतर खोचलं आणि चाचपडत गाडीखाली शिरले. आम्ही धरायला धावलो तर शिवी हासडली. बोटानं प्लेट फिरवली, कडेनं अंगठा फिरवला, उलीशी सरकवली, परत अंगठा फिरवला.

"इथं डोळ्याचं काय काम हाये?" ते म्हणाले. "चढवा आता."

गिअरबॉक्स पहिल्या झटक्यात बसला. सोमवारी दुपारी गावातल्या एका ट्रॅक्टरची बॅटरी लावली, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि मी स्टार्टर दाबला. तीन वेळा नुसती कण्हली. चौथ्यांदा असा काळा धूर सोडला की चिंचेवरचे बगळे उडाले आणि आईनं बागेतून धावत येऊन बॉनेटला दोन्ही हात लावले. ती रडत होती. मीही रडले, मला काय लाज आहे?

मंगळवारी सर्कलसाहेब आले तेव्हा पांदणीत अर्धं गाव जमलं होतं. विपुलचा हात गळ्यात, म्हणून चालवायची मी. ट्रॅक्टर मला चालवता येतो, पण मिल्ट्री चालवणं म्हणजे म्हशीला नाचवणं. प्रत्येक गिअरला क्लच दोनदा दाबावा लागतो, चुकलं की खालून दात-ओठ खाते. बाबा माझ्या डाव्या बाजूला बसले. आई मागं, भरलेल्या कॅरेटांवर. "माल घेऊनच निंगाचं," ती म्हणाली होती. "रिकाम्या गाडीचं काय कौतुक?"

पहिल्या झाडापाशी येऊन मी थांबले. डावीकडे मामाच्या झाडांची रांग, उजवीकडे नाल्याचा काठ, मधे सहा फूट. समोर मामा हात बांधून उभा.

"काहून थांबली वं?" तो हसला. "घाल ना झाडावरून. हिंमत असन तर घाल."

त्याला तेच हवं होतं. एक झाड पडलं की आम्ही गुन्हेगार. माझ्या तळहाताला असा घाम सुटला की स्टेअरिंग निसटत होतं.

"बाबा, जागा नाही," मी हळूच म्हटलं. "दोन फूट कमी हाये."

"खाली कमी हाये. वर हाये ना," बाबा म्हणाले. "उजवी चाकं काठावर घे."

"काठावर? पलटन ना गाडी!"

"पुढच्या चाकालेही ताकद दे. पयला गिअर. तिरपी होईन, होऊ दे. मिल्ट्री घाबरत नाही, डायवर घाबरते."

मी पुढच्या चाकाचा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि उजवं चाक काठाला लावलं. मिल्ट्रीनं नाक वर केलं. मग अख्खं अंग वर आलं, आणि ती डावीकडे कलली. इतकी कलली की मी खिडकीला लटकल्यासारखी झाले आणि बाबा दाराला चिकटले. मागून आईचा आवाज आला, "अवं माय!" कॅरेटं करकरली. माणसं ओरडत मागं सरली. मला समोर नुसतं आभाळ दिसत होतं.

"ब्रेक नोको," बाबा शांतपणे म्हणाले. "आवाज आयक तिचा. कन्हते तोवर चालते."

मी ब्रेकवरचा पाय काढला. दोन चाकं पांदणीत, दोन काठावर. फांद्या बाबांच्या खिडकीतून आत घुसत होत्या, त्यांच्या तोंडावरून पानं सरकत होती. ते हसत होते! "बहर चांगला हाये भगवंताचा," ते म्हणाले. एक खोड आमच्या चाकापासून चार बोटांवर होतं. विपुल पुढं उलटा चालत चांगल्या हातानं इशारे करत होता. त्याचा सगळा जीव डोळ्यांत आला होता. मी पावसात भिजल्यासारखी घामानं निथळले. किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. शेवटचं झाड मागं गेलं, मी चाकं खाली घेतली आणि मिल्ट्री धपकन पांदणीत सरळ उभी राहिली.

मग असा गलका झाला की सांगता सोय नाही.

साहेब स्वतः अकराही झाडांपाशी जाऊन आले. काही फळं गळली होती, एकही फांदी मोडली नव्हती. त्यांनी टेपनं मिल्ट्रीची रुंदी मोजली आणि कागदावर 'गाडीवाट' असा शब्द लिहिला, मी वाकून वाचला. मग पेन थांबवून म्हणाले, "अतिक्रमण तर दिसतेच. झाडं काढायचा आदेश काढतो मी."

भगवंतमामाचा चेहरा उतरला. त्यानं पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "बाई..." तो म्हणाला.

आई कॅरेटावरून खाली उतरली. पदर सावरला. "साहेब, झाडाले हात लावू नोका. थ्या झाडानं काही केलं नाही." मग ती मामाकडे वळली. "पन तू आयक, भगवंता. थे अकरा तुहे नाहीत, माह्या पान्याचे हायेत. उभे राहू दे. आमची मिल्ट्री त्यायच्या बाजूनं निंगते. अन् ज्या दिवशी तू बारावं लावशीन, त्या दिवशी मी मैनाबाई काय चीज हाये थे तुले दाखवीन. अन् या साली भाऊबीजेले येऊ नोको."

हे शेवटचं वाक्य त्याला लागलं. केसबिसचं त्याला काही वाटलं नसतं.

चार दिवसांत आम्ही सगळी बाग बाहेर काढली. डांबरीवर व्यापाऱ्याची गाडी उभी, मिल्ट्री आतून आणायची, तिकडे रिकामी व्हायची, परत आत. शेवटच्या दिवशी शिवारातल्या आणखी दोघांचा मालही काढला. ज्यानं मुडदा म्हटलं होतं, त्याची कॅरेटं मी सगळ्यात शेवटी घेतली. माझाही स्वभाव आहे!

पाचव्या दिवशी बागेत न्यायला काही उरलं नव्हतं. मी चहा घेऊन बसले तर बाबा म्हणाले, "रागिणी, मिल्ट्री काढ."

"कायले, बाबा? माल कुठं हाये?"

"कागद साहेबाजवळ राहते. वाट चाकाखाली राहते. रोज एक फेरी."

विपुल हसेल असं मला वाटलं. तो उठला आणि बॅटरी जोडून आला. आई आधीच मागं चढून बसली होती.

भगवंतमामा झाडांना पाणी देत होता. मिल्ट्री तिरपी होऊन त्याच्या डोक्यावरून सरकली तशी त्यानं मान वर केली. गाडीची मागची बाजू त्याला नीट दिसली असणार, एकही कॅरेट नाही, नुसती आई बसलेली.

"आता काय भरून चालले बाप्पा?" त्यानं विचारलं.

"काही नाही, मामा," मी वरून म्हटलं. "रिकामी हाये. उद्याही रिकामीच आनीन."